पाणी आणायचं वेगळं, घालवायचं वेगळं

हवल्ली, ३ ऑक्टोबर १९५४

आज समुद्र प्याले. खरंच. ह्यांनी पेला हातात दिला आणि म्हणाले, "घे नूर, परवा हे पाणी समुद्रात होतं." म्हटलं, थट्टा करायचीय तर जरा बरी करा. दाभोळला माझा जन्म खाडीच्या काठावर गेला, समुद्राचं पाणी कसं लागतं ते मला सांगता होय? पण एक घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला. गोडं पाणी! ना खार, ना मातीचा वास, काहीच नाही. हे म्हणतात, शुवैखला सरकारनं मोठाल्या भट्ट्या लावल्यात. समुद्र उकळायचा, वाफ धरायची, तिचं पाणी करायचं, आणि मग ते टँकरनं घरोघर धाडायचं. अल्ला! आमच्याकडे साधी भाताची पेज करायला लाकडं पुरत नाहीत आणि इथं समुद्र शिजवतात. मी पेला उजेडात धरून कितीतरी वेळ बघत बसले. हे हसत होते, हसोत.

इथं अरबांच्या मुलखात येऊन पंधरवडा झाला. घर उम्म यूसुफचं, म्हणजे यूसुफच्या आईचं. इथं बाईला मुलाच्या नावानं हाक मारतात. मी तिला खाला, म्हणजे मावशी म्हणते. मातीचं घर, मधे अंगण, अंगणाच्या एका बाजूला ती एकटी, दुसऱ्या बाजूच्या खोलीत आम्ही तिघं: हे, मी आणि वर्षाची ताहिरा. मुलगा तिकडं फिंतासला बायकोच्या गावी राहतो, तो सारखा म्हणतो, आई, घर विक आणि चल. ती काही ऐकत नाही. नवऱ्यानं स्वतः माती मळून बांधलेलं घर, त्यातून माझी मय्यतच निघेल म्हणते. अंगणाखाली पाण्याची टाकी आहे, तिला बिर्का म्हणतात, त्यात गोडं पाणी. कोपऱ्यात विहीर, तिचं पाणी मचूळ, धुण्याभांड्याला तेवढं.

खालाचा नवरा गलबतानं बसऱ्याच्या नदीचं पाणी भरून इकडं आणून विकायचा, मुंबईलाही फेऱ्या करायचा. त्याच्याकडून शिकलेलं मोडकंतोडकं हिंदुस्थानी ती बोलते, यूसुफही बोलतो. मी ते इथं आपल्या भाषेत लिहिते. आज टँकरनं बिर्क्यात पाणी सोडलं तेव्हा ती काठाशी बसून ऐकत होती. ह्या वयात, डोळे मिटून, नुसता पाण्याचा आवाज.

९ ऑक्टोबर

आज पाण्याचं बिल समजून घेतलं. समजलं असं काही म्हणवत नाही.

मला वाटलं, दोन बिऱ्हाडं, अर्धं अर्धं. कसलं काय! इथं माणशी हिशेब. खाला एक, आम्ही तीन. म्हटलं, "खाला, ताहिरा अजून पाणी कुठं पिते? माझं दूध पिते ती." म्हातारी म्हणाली, "आणि तू काय पितेस?" हे भिंतीकडे तोंड करून हसत होते.

पण एवढ्यावर भागत नाही. पाणी आणायचं वेगळं आणि घालवायचं वेगळं! पाणी घालवायचं म्हणजे पावसाचं. दरसाल हिवाळ्याच्या आत छपराला मातीचा गिलावा द्यायचा, पाणी बाहेर टाकणाऱ्या लाकडी पन्हळी साफ करायच्या. त्या पन्हळींना इथं मरझाम म्हणतात. छप्पर सपाट, घाटावरच्या धाब्याच्या घरासारखं. वाशांवर बांबू, त्यावर चटई, त्यावर माती. आणि ह्या घरातला रिवाज असा, की गिलाव्याची माती भिजवायला प्रत्येक बिऱ्हाडानं आपल्या वाट्याचं गोडं पाणी द्यायचं. विहिरीच्या मचूळ पाण्यानं माती धरत नाही म्हणे, पोपडे सुटतात.

प्यायचं पाणी मातीत? मला हसूच फुटलं. जिथं आभाळात कापसाएवढा ढग दिसत नाही, तिथं पावसाची तयारी! मी सरळ सांगितलं, "खाला, आम्ही कोकणातली माणसं. चार चार महिने पाऊस डोक्यावर घेतो. पाऊस आम्हाला शिकवू नका." ती म्हणाली, "तुमचा पाऊस येतो. आमचा पडतो." कळलं नाही मला. म्हाताऱ्या माणसांना असं कोड्यात बोलायची हौसच असते.

२४ ऑक्टोबर

गिलाव्याचे गडी आले. हे सकाळी म्हणाले, "देऊन टाक गं आपला वाटा, दोन दिवस कमी पाण्यात भागवू." हे बाजारात एका व्यापाऱ्याच्या गोदामावर आहेत, दिवसभर सावलीत. घरात मी आहे. ताहिराच्या अंगाला पुरळ आलंय, तिला मचूळ पाण्यानं न्हाऊ घालू? आमचा वाटा मी माझ्या हंड्यांत भरून घेतला आणि दाराशी पाट टाकून बसले.

खाला दोनदा येऊन उभी राहिली. भांडली नाही, मागितलंही नाही. मग स्वतःच्या वाट्याचं उपसत राहिली. तिच्या बाजूचं छप्पर झालं, मधल्या दाराचं झालं, आणि पाणी सरलं. आमच्या अंगाचं तसंच राहिलं. गडी घमेली उचलून निघून गेले. संध्याकाळी ती आमच्या दाराशी वर बघत म्हणाली, "अल्लाच्या हवाली." म्हटलं, सगळंच अल्लाच्या हवाली असतं, त्यात नवीन ते काय.

तिनं रात्रीच्या जेवणाला आपल्या हंड्यात पाणी नव्हतं म्हणून शेजारणीकडून कळशी आणली. मला जरा कसंसंच झालं. पण मग ताहिरा रडायला लागली आणि राहून गेलं.

८ नोव्हेंबर

फिंतासला सुनेचे दिवस भरत आलेत, म्हणून खाला आज मुलाच्या गाडीत बसून गेली. जाताना मला म्हणाली, "ढग आले तर वर जाऊन मरझाम बघ, पक्षी घरटी करतात." हो म्हटलं. अख्खं घर आता माझं. अंगणात मोकळ्या केसांनी फिरले. बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर

पाऊस! आपल्यासारखा नाही, आधी भुरभुर आणि मग बऱ्यापैकी सर, पण पाऊस! गल्लीतली पोरं तोंडं वर करून नाचत होती, पांढरी दाढीवाले शेजारी दाराबाहेर येऊन हात पसरून उभे, डोळ्यांत पाणी. पावसाला असं कुणी भेटायला येतं हे मी कधी बघितलं नव्हतं. आपल्याकडे पावसाला शिव्या घालतात. मी पण उभी राहिले त्यांच्यात, ताहिराला वर धरून. तिनं जिभेनं थेंब चाटला आणि असं तोंड केलं! हे म्हणाले, पोरीला पहिल्यांदा खरं पाणी मिळालं.

मग वर गेले. खालानं सांगितलं होतं म्हणून. आणि बघते तर काय, आमच्या अंगाचे दोन्ही मरझाम बाहेर गल्लीत पाणी सोडतायत! आभाळातून आलेलं फुकटचं गोडं पाणी गल्लीत! त्या लोकांचं वेड मला कळेना. समुद्र शिजवून पाणी करतात आणि हातात आलेलं वाहू देतात. दाभोळला पागोळ्यांखाली आम्ही घागरी मांडतो, एक थेंब सोडत नाही. इथं पागोळ्याच नाहीत. मग मी डोकं चालवलं. जुन्या परकराच्या चिंध्या केल्या, दोन्ही मरझामांत घट्ट ठासल्या. थोड्या वेळात छपरावर कठड्याच्या आत छान तळं साचलं. तांब्यानं तांब्यानं भरून घेतलं. हंडे, घागरी, परात, ताहिराचं घंगाळ, सगळं भरलं. हे घरी आले तर दारातच थबकले. म्हणाले, "नूर, तू तर गावची नदीच आणलीस." मला माझं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू!

चिंध्या तशाच ठेवल्यात. परत सर आली तर धावाधाव नको.

१४ नोव्हेंबर

काल आणि आज अधूनमधून सरी. छपरावर अजून तळं आहे. खोलीत काय गारवा आलाय! वरून ओल्या मातीचा वास येतो, उशीवर डोकं टेकलं की गावच्या पडवीत निजल्यासारखं वाटतं. इतके दिवस ह्या कोरड्या हवेनं नाकातून रक्त यायचं, ते थांबलं. म्हटलं, मातीचं घर म्हणजे मातीचं घर.

वासे रात्रभर कुरकुरतात. लाकडाला ओल लागली की कुरकुरणारच. ताहिराची झोळी मधल्या वाशाला बांधलीय, सकाळी तिच्या पांघरुणावर वाळूचा थर होता. ह्या मुलखात वाळू कुठून कुठं शिरेल सांगता येत नाही. झटकून टाकली.

दुपारी एका जागी गळायला लागलं. त्यात काय मोठंसं, गावीही कौल सरकलं की गळतंच. खाली पितळेचा टोप ठेवला. थेंब पडताना ताहिरा हसते, टोपाचा आवाज तिला आवडतो. चाखून बघितलं, जरा गढूळ आहे पण गोडं. मी हसत बसले, आता तर पाणी उपसायलाही वर जायला नको, घरातच येतं.

१७ नोव्हेंबर, शाळेत

आम्ही जिवंत आहोत. हे आधी लिहिते.

परवा, पंधराला, सकाळी हे कामावर गेले आणि आभाळ काळं झालं. मी काळं आभाळ पुष्कळ बघितलंय. हे तसं नव्हतं. वारा थांबला, गल्लीतली कुत्री घरांच्या भिंतींना चिकटली. आणि मग पडला. आता कळलं म्हातारी काय म्हणाली होती ते. आपला पाऊस चालत येतो, डोंगरावर दिसतो, खाडीवर दिसतो, कपडे काढायला वेळ देतो. हा वरून अंगावर कोसळला. अंगण भरायला लागलं, पाणी जायला वाटच नाही. जमीन पीत नाही, उतार नाही, ओढा नाही. गल्लीत पाणी उभं राहिलं. मशिदीतून बांग झाली, आणि बांगेत मुअज्जिननं नेहमीचं न म्हणता म्हटलं, आपापल्या घरातच नमाज पढा. असलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मी काय केलं? आणखी दोन टोप ठेवले. गळती तीन जागी झाली होती ना! कोपरा पुसला, ताहिराची झोळी जरा हलवून दुसऱ्या वाशाला बांधली, तिला निजवलं, आणि भाकऱ्यांचं पीठ काढलं. तोबा, तोबा! परातीत पाणी ओतत होते मी.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज झाला. यूसुफचा ट्रक. खाला पावसाचं ऐकून फिंतासहून घर बघायला निघाली होती, रस्त्यात अडकत अडकत पोचली. ती आमच्या दारात आली ती हाक न मारता, पायात चपला नाहीत, बुरखा कमरेला खोचलेला. टोपांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. सरळ झोळीपाशी गेली, ताहिराला उचललं, छातीशी धरलं, आणि दुसऱ्या हातानं माझी वेणी धरून मला ओढलं. मी ओरडले. पिठाचे हात, डोक्यावर ओढणी नाही, अंगणात गुडघाभर पाणी. म्हटलं, म्हातारी बावचळली. मी वेणी सोडवायला मागं वळले आणि बघत होते तेव्हाच आमची खोली बसली.

पडली नाही, बसली. आधी मधला वासा वाकला, मग सगळं एकदम खाली आलं, दारातून चिखलाचा लोट बाहेर आला. आवाज फारसा झाला नाही. ताहिरा जागीसुद्धा झाली नाही.

मला रडू आलं नाही, किंकाळी आली नाही. मी त्या जागेकडे बघत राहिले. मगाशी तिथं माझी पोर होती. अल्ला, तू केवढा आहेस आणि किती जवळ आहेस, एवढंच येत होतं मनात. खाला पावसात उभी, ओठ हलतायत. काय पुटपुटते विचारलं, तर म्हणाली, "आमच्या भोवती पाड, आमच्यावर नको." हीच दुआ, परत परत.

यूसुफनं आम्हाला ह्या शाळेत आणून सोडलं. वर्गावर्गांतून माणसं आहेत, सगळी मातीच्या घरांतली. कुणी भात आणतं, कुणी कांबळी. मला कुणी विचारलं नाही तू हिंदी की अरब. पाऊस थांबल्यावर हे शहरातून पाणी तुडवत आले, कंबरेपर्यंत चिखल, आमच्या गल्लीतून होऊन आलेले. खोली बघितली होती ह्यांनी. ताहिराला घेतलं आणि भिंतीशी बसून हमसून हमसून रडले. मी ह्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

सकाळी शाळेच्या गच्चीवरून बघितलं. वाळवंट नाहीच. क्षितिजापर्यंत पाणी, आणि त्यात आभाळ. उंट त्याच्या काठावर उभे, पाणी पीत नाहीत, नुसते बघतायत. सगळी माणसं गच्चीवर होती.

२० नोव्हेंबर

यूसुफ आईला फिंतासला न्यायला आला. नातू झालाय. तो म्हणतो, आता तरी ते घर सोड, अर्धं गेलंच आहे. अर्धं म्हणजे आमची बाजू. तिची बाजू जशीच्या तशी उभी आहे, गिलावा धुपलासुद्धा नाही. तो वैतागून विचारत होता, "एकाच घराची एक बाजू उभी राहते आणि एक पडते, असं कसं?" मी ताहिराचे बूट शोधायला लागले. खाला म्हणाली, "पाऊस अल्लाचा, त्याला विचार." तिला काही कळलेलं नाही. आली ती थेट खोलीत शिरली, वर कुठं बघितलं तिनं? चिंध्या तर ढिगाऱ्याखाली गेल्या. मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

पण मग ती यूसुफला म्हणाली, "घर पडलेलं नाही. खोली पडली. खोली बांधता येते. ही दोघं माझ्याकडं राहतील, पोरगी माझ्याजवळ निजेल." तो म्हणाला, "एक हिवाळा. तोवर छप्पर उभं राहिलं आणि टिकलं तर ठीक, नाहीतर मी घर विकतो." ती म्हणाली, "ठीक." आणि माझ्याकडे बघितलं. मला मान वर करवेना.

२ डिसेंबर

रोज माती. सकाळी हे कामावर जायच्या आधी ढिगारा उपसतात, शुक्रवारी यूसुफ येतो, गवंडी एक आहे. वासे चार मोडले, बाकीचे चालतील. माती भिजवायला गोडं पाणी मी देते. आमच्या वाट्याचं सगळं. कुणी मागितलं नाही, मीच हंडे नेऊन ओतते. आमचं जेवण मचूळ पाण्यात शिजतं, भात खारट होतो, हे चकार शब्द न काढता जेवतात. ताहिराला न्हाऊ घालायला खाला तिच्यातलं देते आणि मी घेते. लाज वाटते, पण घेते.

मातीत तूस मिसळून पायांनी मळायचं. काल खाला स्वतः उतरली, साठीच्या पुढची बाई, घोटे सुजलेले. मी तिला बाहेर काढून आत उतरले. ती काठावर बसून सांगत राहिली, इथं दाब, तिथं सैल. मळून झाल्यावर तिनं मूठभर गोळा उचलला, वास घेतला, हातात फिरवला, आणि मला दिला. मी पण वास घेतला. समुद्र, वाफ, टँकर, बिर्का, आणि आता हा गोळा. केवढ्या लांबून आलंय हे माझ्या हातात! पेल्यातलं पाणी बघताना जे वाटलं होतं ना, त्याच्या शंभरपट वाटलं.

१७ डिसेंबर

आज छपराची परीक्षा. गिलावा वाळलाय. गवंडी गेला, हे आणि यूसुफ खाली गल्लीत नव्या मरझामाखाली उभे राहिले, मी आणि खाला वर. यूसुफनं बजावून सांगितलं होतं, पाणी कुठं थांबलं तर उतार चुकला, आणि उतार चुकला तर ह्या घराचं काही खरं नाही. खालाचा चेहरा दगडासारखा. मी दोन हंडे गोडं पाणी वर आणून ठेवले होते. भरलेले.

खाला म्हणाली, "ओत."

हंडा उचलला आणि हात थांबलाच. भरला हंडा, गोडं पाणी, कुणी पिणार नाही, कुणी न्हाणार नाही, गल्लीत जायचं नुसतं. मग ओतला. पाणी पसरलं, क्षणभर चकाकत थांबलं. मग आपणहून हललं. डोळ्याला न दिसणाऱ्या उतारावरून, जसं काही त्याला वाट ठाऊक होती, सगळं मिळून मरझामाकडे गेलं. तिथं एक थेंब उरला नाही. खालून हे ओरडले, "आलं! सगळं आलं!" यूसुफ मोठ्यानं हसला.

मी वळले तर खाला खाली बसली होती, नव्या मातीवर तळवा टेकून, तोंड दुसरीकडे. डोळे पुसून म्हणाली, "परत चिंध्या घालू नकोस."

मी रिकामा हंडा खाली ठेवला. "तुम्हाला... कधी कळलं?"

"गल्लीतून येताना. आभाळ फाटलेलं, माझ्या बाजूचे मरझाम धो धो वाहतायत, आणि तुझे दोन्ही कोरडे. वर तळं आणि खाली तुझी पोर, हे कळायला काय लागतं?"

"मग तेव्हाच का नाही बोललात? एवढे दिवस?"

"तेव्हा माझ्या हातात तुझी पोर होती," ती म्हणाली. "मग घर उभं करायचं होतं, त्याला तुझे हात लागत होते."

एवढं बोलून ती उठली, माझ्यासमोर आली आणि एक सणसणीत थोबाडीत ठेवून दिली. मला आईनंसुद्धा कधी एवढ्या जोरात मारलं नव्हतं. कानात शिट्टी वाजली. मग तिनं त्याच हातानं माझी ओढणी डोक्यावर नीट केली आणि दुसऱ्या हंड्याकडे बोट दाखवलं.

"आता हा ओत. त्या कोपऱ्यातून."

गाल चोळत मी दुसरा हंडा ओतला. दोघी उभ्या राहून बघत होतो. खालून हे परत ओरडले, सगळं आलं.